नावाच्या आधी

"हे कोणी घातलं?" वच्छलाबाईंनी लग्नपत्रिकेच्या नमुन्यावर बोट आपटलं. "हे अक्षर कोणी घातलं, मारोतराव?"

राळेगावच्या बस स्टॅंडमागे मारोतरावांचं छपाईचं दुकान. तीस वर्षं पंचक्रोशीच्या पत्रिका त्यांच्याच हातून छापून निघालेल्या. त्यांनी चष्मा नाकावर सरकवला आणि वाचलं, "कै. विठ्ठलराव भोयर यांची नात... बरोबर तर हाये, काकू."

"माह्या नवऱ्याचं बरोबर हाये. त्याले जाऊन चौदा वर्षं झाले. खालचं पाहा."

खाली होतं, 'कै. अमर विठ्ठलराव भोयर यांची ज्येष्ठ कन्या'.

"ज्येष्ठ काढा, एकुलती एक हाये. अन् अमरच्या आधी श्री. लावा. माह्या पोराले तुम्ही कोण मारणारे?"

दुकानातल्या चौघांनी माना वळवून पाहिलं. अमर भोयर हे नाव तालुक्यात कोणाला माहीत नव्हतं? कारगिलच्या लढाईत टेहळणीला गेलेल्या तुकडीतला तो एकटाच सापडला नाही. बाकीच्यांची शवं आली, याचं काहीच आलं नाही. 'बेपत्ता' अशी तार आली, आणि काही वर्षांनी मृत घोषित केल्याचा कागद आला. तो कागद वच्छलाबाईंनी घडीसुद्धा न मोडता पेटीच्या तळाशी टाकला. लढाईच्याच सालात शेजारच्या तालुक्यातल्या एका जवानाच्या अंत्ययात्रेला त्या गेल्या होत्या. लोक 'अमर रहे, अमर रहे' असं ओरडायला लागले, आणि या बाईनं दचकून मागे वळून पाहिलं होतं. आपल्या पोराला कोणी हाक मारली असंच त्यांना वाटलं.

मारोतरावांनी खणातून भोयरांकडून आलेला मजकुराचा कागद काढला. "ज्येष्ठ चुकून पडलं, ते माह्यं. पण बाकी मी मनानं कायले घालू, काकू? कागदात हाये तसंच छापलं."

वच्छलाबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. अक्षरं हळूहळू लागत, पण हे अक्षर ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. घरातली वाण्याची यादी, पेन्शनचे अर्ज, नात खुशीच्या शाळेचे दाखले, सगळं याच अक्षरात. हे सुनेचं अक्षर होतं.

"आज छापू नका," एवढंच त्या म्हणाल्या आणि एसटीत येऊन बसल्या.

घरी सून, रत्नमाला, गच्चीवर कुरड्या घालत होती. लग्नाला तीन आठवडे राहिलेले, आणि वैशाखाचं ऊन नुसतं भाजून काढत होतं. खुशी यवतमाळला नोकरीवर होती, त्यामुळे घरात या दोघीच. सासू जिना चढून धापा टाकत वर आली तेव्हाच रत्नमालाला कळलं.

"काहून लिहिलं तू तसं?"

रत्नमालानं सोऱ्या खाली ठेवला. "खरं हाये म्हणून."

"तूनं पाह्यलं काय त्याले मेलेलं? मी त्याले नऊ महिने पोटात वागवलं. माह्यं काळीज सांगत नाई तवरक तो हाये."

"तुम्ही आई हा, आत्याबाई. मी काही म्हणत नाई. सव्वीस वर्षं कधी म्हटलं काय?"

"मंग आत्ताच कायले? पोरीच्या लग्नात?"

रत्नमाला थोडा वेळ हाताला चिकटलेला चीक सोलत राहिली. मग बोलली, अगदी सावकाश. "ते हिवऱ्याचे मास्तर आलते, आठवते तुम्हाले? बायको गेल्ती त्यायची. मले मागणी घालाले आलते. खुशी नऊ वर्षांची होती. मी आत चहा ठेवून राह्यलती. तुम्ही म्हटलं, हिचा नवरा हाये. त्यायनं चहा घेतला अन् चालले गेले. मले कोणी विचारलंच नाई."

"तुले... तुले जायचं होतं?"

"काय मालूम. विचारलं असतं तर म्या विचार केला असता." तिचा आवाज फाटला. "ते जाऊ द्या. मले त्यायच्यासाठी रडाचं हाये, आत्याबाई. एकदा मोकळं होऊन. सव्वीस वर्षं मी रडली नाई. जित्या माणसाले कसं रडू?"

वच्छलाबाईंना वाटलं, हिला काहीतरी जिव्हारी लागेल असं बोलावं. शब्द ओठांवर आलेही होते. पण त्यांची नजर सुनेच्या कपाळावर गेली. घामानं कुंकू भिवईपर्यंत उतरलं होतं. इतकी वर्षं त्या गावभर सांगत आल्या, मी माझ्या सुनेचं कुंकू राखलं. राखलं होतं आपलं पोरगं, आणि तेही या बाईच्या कपाळावर. आली तेव्हा बावीस वर्षांची पोर होती ती, आता केस पांढरे व्हायला लागले होते. हे आपल्याला आजवर दिसलं कसं नाही, याची त्यांना भयंकर लाज वाटली.

त्या खाली बसल्या, सोऱ्या ओढून घेतला आणि उरलेल्या कुरड्या घालायला लागल्या. एकही गोल आली नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं त्या पुन्हा राळेगावला गेल्या.

"श्री. लावून ठेवलं, काकू," मारोतराव घाईघाईनं म्हणाले.

"काढा ते. सुनेनं लिहिलं तसंच राहू द्या."

मारोतरावांनी कळफलकावर दोन बटणं दाबली, झालं. एवढ्याशा कामाला आपल्याला सव्वीस वर्षं लागली, असं वच्छलाबाईंच्या मनात आलं, आणि त्यांनी बाकाची कड घट्ट धरली.

पत्रिकांचा गठ्ठा चौथ्या दिवशी घरी आला. रत्नमालानं वरची पत्रिका उघडली, वाचली, आणि तिच्या तोंडून असा हंबरडा फुटला की शेजारची धुरपताबाई हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आली. "काय झालं वं, बाप्पा?"

"माह्या पोराची बातमी आली," वच्छलाबाई म्हणाल्या. "रडू दे तिले."

सुनेचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं आणि पाठीवरून हात फिरवत राहिल्या. ऊन ओसरीवरून उतरून अंगणात जाईपर्यंत रत्नमाला रडली. मग उठली, तोंड धुतलं, आणि सवयीनं कुंकवाच्या करंड्याकडे गेलेला हात तिनं मध्येच थांबवला.

"लाव," सासू म्हणाली. "ते तुह्यं हाये. माह्या पोराच्या आधीपासून तू लावते."

संध्याकाळी दोघी पाकिटं लिहायला बसल्या. पहिली पत्रिका कळंबच्या चिंतामणी गणपतीची, दुसरी कुलदेवतेची. वच्छलाबाई एकेका पत्रिकेला हळदकुंकवाचं बोट लावत होत्या, रत्नमाला नाव घालत होती. तिसरी पत्रिका वच्छलाबाईंनी बराच वेळ हातात धरली.

"हे अमरची."

रत्नमालानं पाकीट पुढ्यात घेतलं, पण पेन टेकवलं नाही. "आधी काय लिहू, आत्याबाई?"

"आत छापलं ते तुह्यं हाये, मले मंजूर हाये," वच्छलाबाई म्हणाल्या. "पाकिटावर चि. लिही. आई पोराले दुसरं काय लिहीन?"

रत्नमालानं लिहिलं, 'चि. अमर'. पत्त्याची ओळ तिनं कोरी सोडली आणि शाई वाळायला पाकीट सासूच्या हातात दिलं.