ऐकणारीच्या खांद्यावर

बंद काचांच्या गाडीत आवाज सुटा राहत नाही. तो काचेवर आपटतो, छताला भिडतो, आसनांच्या कापडात अर्धा मुरतो आणि उरलेला, वाट चुकलेल्या पाहुण्यासारखा, कसाबसा माईकपर्यंत पोहोचतो. हे मी ध्वनिलेखनाच्या वर्गात शिकले होते. पण त्या सकाळी मागच्या आसनाच्या पायथ्याशी अंगाचे मुटकुळे करून, डोक्यावर राखाडी चादर आणि कानांवर हेडफोन घेऊन पडल्यावर मला ते हाडांतून कळले.

गाडी चालवत होती माझी आई आणि तिच्या शेजारी बसली होती माझी मावशी. चित्रपटातही त्या बहिणीच होत्या. सहासष्टाव्या वर्षी गाडी शिकलेली थोरली आणि तिच्यासोबत पहिल्याच फेरीला निघालेली, जीव मुठीत धरलेली धाकटी. आमच्या दिग्दर्शकाला सगळे कप्तान म्हणत. त्याने या दोघींना आमच्या स्वयंपाकघरात एका बरणीच्या झाकणावरून भांडताना पाहिले होते आणि तिथल्या तिथे नक्की केले होते की नट्या आता शोधायच्या नाहीत.

प्रश्न होता तो मावशीच्या आवाजाचा. तो खरखरीत आहे, भर वाक्यात फुटतो, आणि फुटला की त्याच्या भेगेतून हसू बाहेर येते. रस्त्यावर नीट टिपला गेला नसता तर नंतर स्टुडिओत पडद्याकडे पाहत तीच वाक्ये पुन्हा म्हणावी लागली असती. गेल्या आठवड्यात आम्ही ते करून पाहिले. मावशी काचेच्या खोलीत अशी ताठ उभी राहिली की जणू साक्षीदाराच्या पिंजऱ्यातच आहे, आणि प्रत्येक शब्द शपथेवर सांगितल्यासारखा बोलली. कप्तानाने कपाळ चोळले होते. "आज जेवणाच्या सुट्टीपर्यंत गाडीतला आवाज स्वच्छ मिळाला तर ठीक," त्याने मला सकाळीच बजावले, "नाहीतर मावशींना दुसऱ्या कुणाचा तरी आवाज देऊ."

हे मावशीच्या कानावर गेलेच.

"म्हणजे तोंड माझं आणि बोलणार दुसरीच?" ती म्हणाली. "मग दातही तिचेच बसवा की!"

ती हसली, पण रुमालाची घडी मात्र तीन वेळा मोडून पुन्हा घातली. ज्या आवाजाने मला लहानपणी ताप उतरेपर्यंत गोष्टी सांगितल्या, तो आता माझ्या बोटभर यंत्रांच्या भरवशावर होता.

बंद पडलेल्या एका कारखान्यामागचा सरळ रस्ता आम्हाला मिळाला होता. कॅमेरा बॉनेटवर घट्ट आवळलेला. कप्तान मागच्या गाडीत, हातात वॉकीटॉकी घेऊन. गाडीतला पंखा आणि एसी बंद, काचा वर. पहिल्या फेरीला मी बंदुकीच्या नळीसारखा लांब माईक दोन आसनांच्या फटीतून पुढे सरकवला. मोकळ्या मैदानात तो दूरच्या पाखराचाही गळा पकडतो. इथे मावशी घागरीत तोंड घालून बोलत असल्यासारखी ऐकू आली. दुसऱ्या फेरीला छोटा माईक डॅशबोर्डवर चिकटवला. त्याने इंजिनाची गुरगुर तेवढी मनोभावे टिपली. तिसऱ्यांदा तोच मी समोरच्या काचेवरच्या, ऊन अडवणाऱ्या झडपेत लपवला, आणि जागा खरोखरच उत्तम होती; पण संवादाच्या ऐन मध्यावर मावशीने झडप खाली ओढली, तिच्यावरच्या आरशात पाहिले आणि केस सारखे केले. हेडफोनमध्ये डोंगर कोसळला.

"मावशी!" मी चादरीखालून ओरडले.

"अगं, कॅमेरा समोर आहे. बट बाहेर आलेली दिसते ना!"

"तुझ्यापेक्षा झडप बरी," आई म्हणाली. "ती ओढल्याशिवाय वाजत तरी नाही."

चौथ्या फेरीआधी मी मावशीच्या स्वेटरच्या आत, छातीशी, कॉलर माईक लावला, आणि तिथेच मोठी चूक केली. मी तिला त्याची जागा सांगितली. मावशी मदतीला तत्पर बाई. आपल्या छातीशी एक नाजूक जीव वस्तीला आला आहे असे समजून तिने त्यावर तळहात धरला, वर हनुवटी टेकवली आणि सगळे संवाद त्या जीवाला कुरवाळत म्हटले. माझ्या कानात फक्त लोकर बोलत होती.

"मावशी, हात का ठेवलास?"

"त्याला वारा लागू नये म्हणून."

"काचा बंद आहेत!"

"तरी पण. तूच म्हणालीस ना, वारा माईकचा शत्रू?"

वॉकीटॉकी खरखरला. "अजून अर्धा तास," कप्तान म्हणाला, "आणि मग जेवण." त्या एका शब्दात मावशीच्या जागी बसणारी ती अनोळखी बाई मला स्पष्ट दिसली. तिचा आवाज गुळगुळीत होता.

गाडी वळवून आम्ही पुन्हा सुरुवातीच्या जागी निघालो. चित्रण थांबले होते, पण हेडफोन माझ्या कानावर होते आणि यंत्र चालू. मावशी आईला झापत होती.

"ताई, खड्डा! ताई, तो खड्डा आहे, सजावट नाही!"

मी दचकून उठले आणि डोके आसनावर आपटले. आवाज लख्ख होता. जणू कुणी काचेवरची वाफ पुसली होती. इंजिन चालू, चाके धावताहेत, आणि त्या सगळ्यावर मावशीची खरखर, भेगेसकट, हसण्यासकट. मी यंत्रावरच्या, आवाज मोजणाऱ्या काट्यांकडे पाहिले. मावशीच्या माईकचा काटा निपचित. हात त्यावर होताच. नाचत होता तो आईचा काटा. आईचा कॉलर माईक सकाळपासून तिच्या जाकिटावर होता आणि मावशी, जेव्हा ती नटी नसे तेव्हा, काचेशी बोलत नसे, कॅमेऱ्याशी बोलत नसे, स्वतःच्या छातीशी तर नाहीच. ती साठ वर्षांपासून एकाच दिशेला बोलत आली होती.

मी सकाळभर बोलणारीच्या भोवती जाळी लावत होते. पाखरू शेजारच्या खांद्यावर बसत होते.

गाडी थांबताच मी मावशीचा माईक काढून घेतला आणि आईचा माईक तिच्या जाकिटाच्या खांद्यावर, मावशीच्या बाजूला, शिवणीखाली नेऊन बसवला.

"आणि माझा?" मावशीने विचारले.

"तुला नको. तू फक्त आईशी बोल. तुझा आवाज ती सांभाळेल."

"हिने माझी सायकल सांभाळली नाही!"

"ती तू झाडावर नेऊन टांगली होतीस," आई म्हणाली आणि गाडी सुरू केली.

शेवटची फेरी. लिहिलेल्या प्रसंगात धाकटी कबूल करते की ताईची निळी छत्री हरवली नव्हती, तिनेच ती कुणाला तरी देऊन टाकली होती. मी श्वास रोखला. गाडीत लपलेल्या ध्वनिलेखिकेचा पहिला धर्म म्हणजे नसणे. काटे डोलू लागले. शब्द एकेक करून येत होते, धुतलेल्या द्राक्षांसारखे, वेगळे आणि ओले.

"ताई, एक सांगू? रागावशील."

"ब्रेक माझ्या पायाखाली आहे. सांग."

"तुझी ती मैना," मावशी म्हणाली, आणि मी चादरीखाली ताठरले, कारण मैना कुठेच लिहिलेली नव्हती, "ती आपोआप उडाली नव्हती. पिंजरा मी उघडला."



"काय?" हा आईचा स्वतःचा, बिनअभिनयाचा आवाज होता. "मी महिनाभर शिट्ट्या मारत फिरले! गल्लीतली माणसं खिडक्या लावून घ्यायची!"

"ती माझं हसणं हसायची गं. हुबेहूब! मी गप्प बसले तरी आपली आई मलाच ओरडायची. एका घरात असं हसणारी एकच पुरे!"

आणि तिथे माझा बांध फुटला. मी चादर तोंडात कोंबली, गुडघा चावला, तरी हसू आलेच, खरखरीत, मध्येच फुटणारे. त्याच वेळी मावशीही हसत हसत बोलतच होती, आई स्टिअरिंगवर हात आपटत होती, गाडी रस्त्यावर किंचित नागमोडी चालली होती, आणि अख्खी सकाळ काचांच्या आत उकळी फुटल्यासारखी उसळत होती.

सुट्टीला कप्तानाने हेडफोन लावले. मी समोर उभी होते. त्याने डोळे मिटून सगळे ऐकले. मग ध्वनिमुद्रण थोडे मागे नेले.

"शब्द न् शब्द आहे," तो सावकाश म्हणाला. "छत्रीपेक्षा मैना बरी. पण इथे मावशी बोलताहेत, आणि त्याच वेळी हे हसतंय कोण?"

"मीच," मावशी म्हणाली.

"बोलता बोलता?"

"मला जमतं."

"लहानपणापासून अशीच आहे," आईने जोड दिली. "आमच्या आईला वाटायचं, मैना आहे."

कप्तानाने पुन्हा ऐकले. दोन्ही हसण्यांत त्याने फट शोधली; ती सापडली नाही. त्याचेच खांदे हलू लागले होते. "ठेवतो," तो म्हणाला. "आवाज मावशींचाच राहील."

मावशीने रुमालाने डोळे टिपले, त्याची घडी घातली आणि ती पुन्हा मोडली नाही. मग ती माझ्या कानाशी वाकली.

"मैना," ती कुजबुजली, "जेवायला चल."