रुखमाबाईचा डोंगा आणि बापूजींचा शौक

मी एक जुना डोंगा आहे. डोंगा म्हणजे एकाच खोडातून कोरलेली होडी. मित्रांनो, तुम्ही मला पाहायला तलावावर जाल तर मी तिथे सापडणार नाही. मी वनखात्याच्या आवारात पडलेलो असतो. एका बाजूला जप्त केलेल्या मोटारसायकली, दुसऱ्या बाजूला चाक मोडलेली बैलगाडी आणि मध्ये मी, पोट वर करून. परवा एका गृहस्थाने माझ्यात बसून डबा खाल्ला आणि लोणच्याचा कागद माझ्यातच टाकून तो निघून गेला. माणसांबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. ते का, हेच आज तुम्हाला सांगायचे आहे.

मूळचा मी कुरखेड्याकडच्या एका गावातल्या तलावाच्या पाळीवरचा, म्हणजे बांधावरचा, आंबा. एका वादळात आडवा झालो. गावातल्या मासे धरणाऱ्या देवराव ढिवराने मला मागून घेतले. त्याने आणि त्याच्या भावाने, वारलूने, मला वासल्याने कोरले, पोटात निखारे घालून जाळले आणि पुन्हा कोरले. वारलूला नेहमी घाई असे. तेव्हा देवराव त्याला म्हणे, "घाई नोको करू गा. पोट पातर झालं तं फुटते, जाड राह्यलं तं बुडते." त्या दोघांचे हात लागले म्हणून मी डोंगा झालो, नाहीतर चुलीत गेलो असतो.

पुढे देवराव तापाने गेला आणि मला ढकलायचा बांबू त्याच्या बायकोने, रुखमाबाईने, हाती घेतला. बाईमाणसाने डोंगा चालवावा का, यावर पाळीवर बसून बिड्या ओढणाऱ्यांनी पुष्कळ चर्चा केली. रुखमाबाईने ती ऐकली नाही, कारण ती तेव्हा पाण्यात होती. माझ्या जिवावर तिने मासळी धरली, शिंगाडे तोडले, मुलगा सुनिल वाढवला आणि त्याचे लग्नही केले. एका पुरात तिने अडलेली बाळंतीण माझ्यातून पलीकडे नेली. तेव्हा साऱ्या गावाने माझ्या टोकाला हळदकुंकू लावले. ते दिवस आठवले की अजून बरे वाटते.

माझी निगा कशी राखायची, हेही ऐका. लाकडाच्या डोंग्याला उन्हाचे वावडे असते. कोरडा पडला की तो तडकतो. म्हणून उन्हाळ्यात तलाव आटू लागला की ढिवर लोक डोंग्यात दगड भरतात आणि त्याला खोल पाण्यात मुद्दाम बुडवून ठेवतात. पाऊस आला की दगड काढायचे आणि डोंगा वर घ्यायचा. बुडालेला डोंगा मेलेला नसतो, तो झोपलेला असतो. आमच्या गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

आता बापूजींकडे वळतो. वळावेसे वाटत नाही, पण इलाज नाही.

बापूजींची तालुक्याला राईस मिल आहे. सुनिल तिथेच पोती उचलत असे. बापूजींजवळ आजोबांच्या वेळची एक बंदूक होती आणि तिला परवाना होता पिकाच्या राखणीचा. बापूजींचे पीक मिलमध्ये पोत्यांत असते आणि तिथे आजवर एकही चितळ आलेले नाही. पण दसरा झाला, धान पिवळे पडू लागले, थंडी उतरली, की बापूजींना शिकारीची हुक्की येई. शिकारीला बंदी आहे, हे त्यांना माहीत नव्हते असे नाही. बंदी इतरांसाठी आणि शौक आपल्यासाठी, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

याच दिवसांत आमच्या तलावावर लांबलांबून बदके उतरतात. तलवार बदके येतात, थापट्या येतात, जोडीने चक्रवाक येतात. शेपटी वर करून, डोके पाण्यात घालून बिचारी चरत असतात. अशा वेळी बापूजी पुढे, त्यांचा पुतण्या विक्की मागे आणि बांबू हाती घेऊन सुनिल, अशी वरात माझ्यात बसे. बापूजींच्या अंगात झाडापानांच्या छापाचा शर्ट, डोक्याला तसलीच टोपी आणि कानात अत्तराचा फाया. जंगलात लपायला निघालेला माणूस अत्तर का लावतो, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

त्यांची मर्दुमकी अशी, की थव्यात बसलेल्या बदकांवर छर्रे उडवायचे. दहा उडत, दोन पडत आणि चार लुळी होऊन गवतात शिरत. त्या चारांना नंतर कावळे शोधत, बापूजी नव्हे. नेम चुकला की ते सुनिलवर डाफरत, "हे डोंगं हालून राह्यलं बे! मांगच्या साली बी हाललं होतं." नाचता येईना अंगण वाकडे, दुसरे काय!

संध्याकाळी चितळांची पाळी. तलावाचा पलीकडचा काठ जंगलाला लागून आहे. तिथे चितळे पाण्यावर येतात. बापूजी मला बेशरमीच्या झुडपांत दडवत. लपायला जागा त्यांनी योग्य निवडली होती, एवढे मी कबूल करतो. एकदा त्यांनी तहानेने वाकलेली मादी पाडली. घरी नेऊन शिजवली आणि पुढच्या वेळी विक्कीला सांगत होते, "मटन वातड निंगालं यार, मजा नाई आली." शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड. त्या दिवशी मला त्या माणसाची शिसारी आली ती कायमची.

पण खरी गोष्ट घडली ती गेल्याच्या गेल्या वर्षी. मला बापूजींनी नेले होते, म्हणून सुनिलची बायको रीना तरंगायला काखेत रिकामी घागर धरून, गळ्याएवढ्या पाण्यात शिंगाडे तोडत होती. वेलांमधून तिचे फक्त डोके दिसत होते. बापूजींनी बार काढला. दोन छर्रे रीनाच्या खांद्यात शिरले. ती ओरडली तेव्हा कुठे त्यांना कळले.

"मले पानकोंबडी वाटली ना वो," ते रुखमाबाईला म्हणाले. "आन् छर्रा बारीक राह्यते. काई होत नाई त्यानं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पेढ्यांचा डबा पाठवला. रुखमाबाईने तो उघडला नाही. मुंग्यांनी उघडला.

मागल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास आमच्या भागात नवीन वनरक्षक आली. तिचे नाव संघप्रिया. ती पाळीवर गाडी थांबवून रुखमाबाईला म्हणाली, "रुखमाबाई, सांगून ठेवतो. शिकारीत डोंगा सापडला तं डोंगा जप्त होते. शिकारीची वस्तू डोंग्यात भेटली तरी बी जप्त होते. मंग केस सुटेपर्यंत वापस नाई भेटत. बंदूकवाला जमानतीवर घरी जाईन, तुमचं काय?"

रुखमाबाई घरी आली आणि तिने सुनिलला सांगितले, "औंदा बापूजीले डोंगा द्याचा नाई."

"नाई कसं म्हनू आई? मिलमंदून काढून टाकन ना मले."

"तू नोको म्हनू. डोंगाच नाई म्हनन. बुडवून टाक त्याले."

"आता? शिंगाडे तोडाले आले आहेत न!"

रीना चुलीपाशी बसली होती. ती म्हणाली, "म्या घागरीवर तोडतो. मांगं बी तोडलेच होते न."

सुनिल दगड गोळा करायला उठला. भर हंगामात त्यांनी मला दगड भरून, शिंगाड्याच्या वेलांखाली कंबरभर पाण्यात बुडवले. घरचे पोट ज्याच्यावर चालते, तोच त्यांनी आपल्या हातांनी पाण्याखाली घातला. मी तळाशी टेकलो तेव्हा रुखमाबाईचा हात माझ्या कडेवर होता.

दोन दिवसांनी बापूजी आले.

"डोंगा कुठी आहे?"

"बुडला जी," रुखमाबाई म्हणाली. ती खोटे बोलली नाही.

बापूजी हळहळले, माझ्यासाठी नव्हे, आपल्या करमणुकीसाठी. पण समोर थवा बसलेला. शौकिनाला दम कुठला? बंदूक डोक्यावर धरून ते स्वतःच पाण्यात शिरले. आयुष्यात पहिल्यांदाच ते माझ्या तलावात स्वतःच्या पायांनी चालत होते. शिंगाड्याचे काटे टोचताच ते मोर नाचावा तसे नाचू लागले. नाचता नाचता त्यांचा पाय माझ्या कडेला अडकला आणि बापूजी सपशेल तोंडघशी पडले. टोपी एकीकडे, अत्तर दुसरीकडे आणि आजोबांची बंदूक थेट माझ्या पोटात, दगडांवर.

त्यांना वाटले ती गाळात गेली. त्यांनी विक्कीला बुडी मारायला सांगितले. विक्कीच्या पोटरीला जळू चिकटली आणि तो रडकुंडीला येऊन पाळीवर जाऊन बसला. अख्खे जंगल मारायला निघालेला हा वाघ एका जळवेला भ्याला! बदके मात्र जरा पलीकडे सरकून चरत राहिली.

मग रोज सकाळी बापूजी पाळीवर येऊन पाण्याकडे बघत बसू लागले. बंदूक हरवल्याची तक्रार द्यावी, तर राखणीची बंदूक तलावात काय करत होती, हे सांगावे लागणार. शेवटी त्यांना मिलमधल्या कोणीतरी सांगितले की डोंगे मुद्दाम बुडवतात. तसे ते संतापून रुखमाबाईच्या दारात आले. "मले येडा समजतेस काय? काढ डोंगा वर, आत्ताच्या आत्ता. त्यात बसून बंदूक हुडकाची आहे."

रुखमाबाई, सुनिल आणि रीना पाण्यात उतरली. एकेक दगड बाहेर निघाला. मी वर आलो आणि माझ्याबरोबर बंदूकही वर आली.

पाळीवर बापूजी होते. पाळीच्या दुसऱ्या टोकाला, रोजच्या फेरीवर निघालेली संघप्रिया गाडी उभी करत होती. तिला अजून काही दिसले नव्हते.

"बंदूक पान्यात ढकल आई," रीना हळूच म्हणाली.

बापूजींनी आवाज खाली आणला. इतके गोड बोलताना मी त्यांना कधी ऐकले नव्हते. "रुखमाबाई, दे इकडं बंदूक. डोंगा तुहाच राहीन. सुनिलचं काम बी राहीन. कोनाले सांगू नोको."

मित्रांनो, मी लाकूड आहे, पण त्या क्षणी मला फार भीती वाटली. बंदूक त्यांना दिली असती तर मी वाचलो असतो. रुखमाबाई माझ्यात चढली. तिने रीनाच्या खांद्याकडे एकदा पाहिले. मग बंदूक मांडीवर आडवी घेतली, बांबू टेकला आणि मला संघप्रियाच्या दिशेने हाकले. माझ्यात बसून तिने केलेला तो शेवटचा प्रवास.

संघप्रियाने बंदूक पाहिली, मला पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. "रुखमाबाई, डोंगा बी न्या लागन. तुमाले सांगतलं होतं म्या."

"माहीत आहे म्याडम. ने."

"बंदूक कोनाची?"

"माही नाई," बापूजी लांबूनच ओरडले. "म्या तं पाहिली बी नाई कधी!"

ज्या बंदुकीच्या बढाया ऐकून माझे कान किटले होते, ती आजोबांची बंदूक त्यांनी एका वाक्यात टाकून दिली. तिच्यावर नंबर कोरलेला होता, हे त्या शूराच्या लक्षात आले नाही. केस झाली. बापूजी संध्याकाळी घरी जेवायला होते. सुनिलचे काम दुसऱ्या दिवशी गेले. बंदूक कुलपात गेली आणि मी इथे आलो.

एक उन्हाळा मी इथे काढला. माझ्या पोटात एक तडा गेला आहे आणि तो वाढतो आहे. केस कधी सुटेल, कोणी सांगत नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी रुखमाबाई आणि रीना येतात, आवारातल्या नळाची बादली भरून माझ्यावर ओततात, तड्यात ओला चिखल दाबतात. चौकीदार हसतो. हसू दे. बापूजींची जीप याच रस्त्याने जाते, तेव्हा तिच्या काचा वर असतात.

परवा रीना पाणी ओतता ओतता सासूला सांगत होती, "आई, औंदा बदकं लयच येऊन राह्यले. म्या घागर घेऊन त्याइच्या मंदात जातो तरी उडत नाई. बाजूले सरकते आन् चरते."

रुखमाबाईने बादली रिकामी केली आणि माझ्या कडेवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

मित्रांनो, या आवारात कधी आलात तर माझ्यावर बादलीभर पाणी ओता. माझ्यात बसून डबा खाऊ नका. आणि थंडीच्या दिवसांत कोणी शौकीन मिशीवर ताव देत तुम्हाला शिकारीच्या गोष्टी सांगू लागला, तर त्याचा नेम कसा होता हे विचारू नका. त्याला एवढेच विचारा, की डोंगा कोणाचा होता आणि आता तो कुठे आहे.