धाकटीची मशीन

लातूरच्या दवाखान्यात नर्स असलेली रुद्राणी सुट्टीत गावी आली, ती सासूसाठी बोटाला लावायची मशीन घेऊन. ऑक्सिजन मोजणारी, काडेपेटीएवढी. तिची थोरली जाऊ उमाबाई हिच्या काळजात ती मशीन काट्यासारखी रुतली.

उदगीरच्या बाजूचं ते गाव. त्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं आणि गावात टँकरमागं पळावं लागत होतं. मिळालेल्या पाण्यातला पहिला हंडा उमाबाई सासूच्या अंघोळीला काढायची. सासूला, गंगम्माला, जुना दमा; तिची पाठ शेकायची, तिला कण्या भरवायची तीही उमाबाईच. आणि गंगम्मा आल्यागेल्याला बोट दाखवायची, "धाकटीनं आणली. लई जीव लावते माझी रुद्राणी."

रुद्राणीनं सगळं नीट सांगितलं. नखाला रंग-मेंदी नसावी, हात गार नसावा, लावल्यावर बोट हलवू नये, आकडा ठरेपर्यंत थांबावं, नव्वदच्या खाली गेला तर धोका समजावा. "आन् अक्का, बघून झालं की काढून ठेवायची. दिवसभर चिमटा ठेवला तर कातडी दुखावते. आकडा बरा असला तरी दम लागून राहिला, तर वाट बघू नका. फोन करा."

उमाबाई चुलीकडं तोंड करून भाकरी थापत होती. "आम्हाला अडाण्यांना काय कळतंय," एवढंच बोलली. पण शब्द न् शब्द कानात गेला.

रुद्राणी लातूरला परतली आणि गंगम्मानं मशीन बोटातून काढायचंच सोडलं. बोटाच्या टोकाला लाल वळ उठला. उमाबाईला तो दिसला. काढा म्हणावं असं ओठापर्यंत आलं, पण तिनं गिळलं. लाडकीनं दिलंय ना, भोगा म्हणावं! दुसऱ्या दिवशी तिथं फोड आला. त्यावर हळद लावताना सासू कण्हली तेव्हा मात्र उमाबाईला स्वतःचीच लाज वाटली. मशीन काढून तिनं फळीवर ठेवली.

पुढच्याच आठवड्यात तिचा नवरा सिद्धलिंग उदगीरला मोर्च्याला गेला. उदगीर जिल्हा करा म्हणून बाजारपेठ बंद होती. दुपारी वावटळ उठली, घरात धूळच धूळ झाली आणि गंगम्माला धाप लागली. उमाबाईनं दम्याचा फवारा तोंडात दिला, पाठ चोळली. धाप थांबेना. तिनं फळीवरची मशीन काढून सासूचं दुखरं बोट सोडून शेजारच्या बोटाला लावली. चौऱ्यांशी.

"खोटी हाय ही," ती पुटपुटली. खोटी निघावी असं तिला आतून वाटतही होतं. लातूरच्या बाईची अक्कल एकदा तरी उघडी पडावी! पण हात गार लागला. तिनं तो दोन्ही तळव्यांत धरून चोळला, नख पदरानं पुसलं, थांबली. आकडा जेमतेम हलला. मग तीच मशीन स्वतःच्या बोटाला लावली. अठ्ठ्याण्णव. मशीन खरं बोलत होती. सासूचे ओठ निळसर झाले होते.

उमाबाईनं शेजारच्या मलप्पाला जीप काढायला लावली आणि जिला फोन करायचा नाही असं ठरवलं होतं, तिलाच केला.

"अक्का, हात ऊबदार करून लावली का?"

"केला. माझ्या बोटाला लावून बी बघितली."

"मग खरंय. बसवूनच आणा, आडवं करू नका. उदगीरच्या दवाखान्यात आधी ऑक्सिजन लावा, मी निघाले."

गंगम्मा वाचली. चार दिवसांनी घरी आली तर बायका बघायला जमल्या. खाटेवर बसून ती सांगू लागली, "माझ्या धाकटीनं वाचवलं बघा."

उमाबाई चहाचे कप परातीत घेऊन येताना उंबऱ्यातच थबकली. अंग पेटल्यासारखं झालं. पण आपण मुद्दाम होऊ दिलेला तो फोडही आठवला.

"मी कुठं होते, आत्याबाई?" रुद्राणी म्हणाली. "अक्कांनी मशीन लावली, अक्कांनी ओळखलं, अक्कांनीच गाडीत घातलं. थोडा वेळ गेला असता तर मी नुसती रडायलाच आले असते."

गंगम्मानं थोरलीकडं पाहिलं. जरा विचार केला.

"हाव, ते खरंय," ती म्हणाली. "पण मशीन तर तुझीच की न्हाई?"

बायका हसल्या. रुद्राणीनं कपाळाला हात लावला. उमाबाईला रागही आला आणि हसूही. हसू आधी फुटलं. परात खाली ठेवून तिनं पहिला कप जावेच्या हातात दिला, दुसरा सासूच्या.