तांब्याचा केस

धोंडीराम न्हाव्याने वस्तरा आडवा धरला आणि तारेवरचं रबर असं अलगद सोललं, की जमलेला गाव बघतच राहिला. गेवराईजवळच्या माळावर सकाळी विमान उतरलं होतं. इंजिनाची एक तार जळाली होती. हैदराबादच्या वैमानिकाकडे नवी तार होती, पण ती सोलायचं हत्यार हरवलेलं. गावातल्या चाकूंनी तीन टोकं वाया घालवली, तेव्हा कुणाला तरी न्हावी आठवला.

"अंदर के बालां को हात नक्को लगाव," वैमानिकाने बजावलं होतं. "एक बी टूटा तो इंजिन ऊपर बंद पडता."

तार बसली, पंखा फिरू लागला. हौसेने मागच्या जागेवर चढून बसलेले विठ्ठलराव देशमुख गावाला हात हलवत होते. धोंडीराम ऐटीत हत्यारं धोपटीत भरायला लागला. कात्रीच्या पात्याला एक तांबूस केस चिकटलेला होता.

त्याने तो चिमटीत धरून उन्हात पाहिला. सोलून झाल्यावर एक तंतू बाजूला उभा राहिला होता. कल्ल्याशी एखादा केस असा उभा राहिला की तीस वर्षं हात जे करत आला, तेच त्याने केलं होतं. त्याला कळलंसुद्धा नव्हतं, आणि आता त्या तारेवर दोन जीव वर जाणार होते.

"बंद करा! सायेब, बंद करा!" तो धुळीत शिरून पंख्यासमोर हात पसरून उभा राहिला.

पंखा थांबला. त्याने तळहातावरचा तंतू पुढे केला.

"म्याच कापला. कल्ले करतो तसा. हात गेला, सायेब."

वैमानिक पांढराफटक पडला. विठ्ठलराव असे घाईने उतरले की एक पायताण वरच राहिलं.

"जीवच घेतला असता की रे आमचा!"

वैमानिकाने तारेचा दुसरा तुकडा काढला. धोंडीरामने कात्री आधी बायकोच्या, छबुबाईच्या हाती दिली आणि मगच वस्तरा धरला. वैमानिकाने एकेक तंतू तपासून तार बसवली.

"चलो, देशमुखसाब."

"आमाला काम हाय," विठ्ठलराव लांबूनच म्हणाले.

वैमानिकाने धोंडीरामकडे बोट केलं. "फिर तुम बैठो. तार तुम बनाए."

लोक हसले. धोंडीरामला हसू येईना. त्याने छबुबाईकडे पाहिलं, मग इंजिनाकडे.

"सायेब," तो म्हणाला, "ती तार एकडाव परत काढा."