खळीने लावलेल्या चिठ्ठ्या

"वेडे किती प्रकारचे असतात?"

हा प्रश्न विचारायला तिला मैत्रिणींनी पैजेवर मनाच्या आजारांच्या दवाखान्यात पाठवले होते. शाळा नुकतीच सुटली होती. दाराबाहेर दोघी एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. एकीला वर्गात रेडिओ म्हणत, कारण ती बंद होत नसे. दुसरी चष्मिस. "हिंमत असेल तर जा आणि विचार," असे रेडिओ म्हणाली आणि आमची तुफान तरातरा आत आली. टेबलासमोर उभी राहिली, प्रश्न विचारला आणि कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली.

टेबलामागच्या डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिले, पण ओळख दाखवली नाही. दाराबाहेरच्या दोघींना ठाऊक नव्हते ते आत तिघांना ठाऊक होते. ही मुलगी या दारातून आज पहिल्यांदा आलेली नव्हती. एक ती स्वतः, एक डॉक्टरबाई आणि तिसरा मी.

मित्रांनो, मी कप्पेराव. हे नाव मला तुफाननेच दिले. मी एक जुना, भिंतभर रुंद, लहान लहान कप्प्यांचा दांडगा गडी आहे. लोक मला नुसते कपाट म्हणतात. म्हणोत बापडे.

माझा जन्म एका सुताराच्या हातून झाला. तो सुतार भारी चिकित्सक होता. "कप्पा कसा हवा? ओढला तर कुरकुरू नये आणि सोडला तर पळू नये," असे तो म्हणे. माझा एकेक कप्पा त्याने मेण घासघासून सरळ केला. मग मी गेलो बटणवाल्या काकांच्या दुकानात. काय दिवस होते ते! बायका मुठीत एक तुटके बटण घेऊन येत आणि विचारत, "याच्या जोडीचं मिळेल का?" काका गिऱ्हाइकाशी गप्पा मारता मारता, मागे न बघता, हात लांब करून नेमका कप्पा ओढत. लोक काकांची स्मरणशक्ती वाखाणत. मी मनात म्हणे, अहो, जागा कोणी धरून ठेवली आहे ते तरी विचारा.

पुढे कपडे तयारच मिळू लागले. बटण तुटले तर लोक कपडाच टाकून देऊ लागले. काका दुकान आवरायला बसले तेव्हा एक तरुण बाई मला बघायला आली.

"औषधं ठेवणार का यात?" काकांनी विचारले.

"नाही. कागद. मनाच्या आजारांचे."

"मग कप्पे पुरायचे नाहीत, बाई."

दोघेही हसले. त्या हसण्यावरच माझा सौदा झाला. खालच्या कप्प्यात उरलेली बटणे काकांनी तशीच ठेवली. "असू देत, त्याला सवय आहे," असे माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले.

बटणवाल्या काकांनी माझ्या कप्प्यांवर नावांच्या पितळी पट्ट्या बारीक खिळ्यांनी ठोकल्या होत्या. डॉक्टरबाईंनी त्या सगळ्या काढल्या. पिठाची खळ शिजवली आणि कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. 'चिंता आणि भीती.' 'उदासी.' 'भास आणि भ्रम.' 'व्यसन.' 'झोप.' 'विसर.' पट्ट्या घ्यायला आलेले काका म्हणाले, "खिळे मारा. नाहीतर पडतील."

"पडू देत," बाई म्हणाल्या. "खिळे मारले की मलाच वाटायला लागेल, हे कायमचं आहे."

तेव्हा मला ते कळले नाही. कळायला वर्षे गेली.

झाले असे की एक शिंपीणबाई महिनोन्‌महिने खाली मान घालून येत. ना भूक, ना झोप, ना कशात जीव. त्यांचा कागद 'उदासी'त गेला. मग एक दिवस त्या उड्या मारतच आल्या. कित्येक रात्री न झोपता त्यांनी अख्ख्या गल्लीचे पडदे शिवले होते, कोणी सांगितलेले नसताना. डॉक्टरबाईंनी कपाळावर हात मारला आणि कागद उचलून 'मनाची दोन टोके' या कप्प्यात ठेवला. औषधही बदलले. एका ट्रकड्रायव्हरचा कागद तर माझ्याकडून कायमचा गेला. त्याची उदासी मनातून आलेली नव्हतीच. त्याच्या गळ्यातली एक ग्रंथी आळसावली होती. म्हणून बाई आधी रक्त तपासायला सांगत आणि मगच कप्पा ओढत.

शिवाय दर काही वर्षांनी टेबलावर एक जाडजूड पुस्तक येई. कोणती लक्षणे एकत्र दिसली की त्या आजाराला काय म्हणायचे, हे मोठमोठे डॉक्टर पुन्हा पुन्हा एकत्र बसून ठरवतात. नवे पुस्तक आले की खोलीत खळीचा वास सुटे. 'मंत्रचळ' आणि 'धसका' ही भावंडे पूर्वी 'चिंते'च्या कप्प्यात दाटीवाटीने राहत. पुढे दोघांना आपापले कप्पे मिळाले. एक चिठ्ठी मात्र बाईंनी लावलीच नाही. कोणी कोणावर प्रेम करावे यावरून माणसाला आजारी ठरवणारी ती चिठ्ठी होती. "तो आजार नव्हताच. समज आमचीच आजारी होती," असे त्या म्हणाल्या आणि तो कागद चुलीत टाकला. त्याच चुलीवर खळ शिजत होती.

आता तुफानकडे वळू या. गेल्या वर्षी ती पहिल्यांदा आली ती आईच्या पर्सचा पट्टा घट्ट धरून. तेव्हा तिला पाहून कोणी तुफान म्हटले नसते. वर्गाच्या दाराशी आले की तिची छाती धडधडे, हातांना मुंग्या येत, श्वास पुरेनासा होई आणि आपण आता मरणार असे वाटे. सगळ्या तपासण्या ठणठणीत होत्या. तिचे बाबा वायरमन. कुठला दिवा का लागत नाही ते एका नजरेत ओळखणारे. पण लेकीचा दिवा का विझला ते त्यांना उमगेना. त्यांनी शाळेत सांगितले, कावीळ झाली आहे. "कावीळ म्हटलं की पुढचं कोणी विचारत नाही," असे ते बाईंना म्हणाले. मैत्रिणींनी वर्गाच्या फळ्यावर 'लवकर बरी हो' असे लिहून फोटो पाठवला. तो पाहून ती जास्तच रडली.

तिचा कागद कोणत्या कप्प्यात होता ते मी सांगणार नाही. बाईंनी मला तशी शिस्त लावली आहे. पण तिचा हात कोणत्या कप्प्यात असे ते सांगतो. सगळ्यात खालच्या, बटणांच्या. बोलता बोलता ती बटणे लावत बसे. हळूहळू श्वास लांब झाला. मग एकदा ती वर्गाच्या दारापर्यंत गेली, मग शेवटच्या बाकापर्यंत, मग पहिल्या बाकापर्यंत. ज्या दिवशी तिने मला कप्पेराव म्हणून हाक मारली, त्या दिवशी मला बटणवाल्या काकांची फार आठवण आली.

तर, त्या पैजेच्या दुपारी डॉक्टरबाई म्हणाल्या, "आमच्या पुस्तकात वेडे नसतात, आजार असतात. त्यांचे प्रकार सांगते. बाहेरच्या दोघींनाही बोलाव. उन्हात कशाला उभ्या?"

दोघी चोरासारख्या आत आल्या. बाईंनी माझा खालचा कप्पा टेबलावर उपडा केला. "हे नीट लावून दाखवा."

रेडिओने रंग पाहून ढीग केले. चष्मिसने ते मोडून भोके मोजली.

"अगं, रंगाने लावतात."

"मग लाल आहे पण चार भोकांचं आहे, त्याचं काय करतेस? लोणचं?"

"दोघींचंही बरोबर," बाई म्हणाल्या. "आम्हीही असंच करतो. त्रास कसा दिसतो, किती काळ टिकतो, माणसाचं रोजचं जगणं किती अडतं, हे बघून लावतो. उद्या लावायची रीत बदलेल. बटणं तीच राहतील."

"मग लावायचंच कशाला?" चष्मिस म्हणाली.

"तुटलेल्या बटणाला जोड सापडायला हवी ना? नाव कळलं की कोणता उपाय लागू पडेल तेही कळतं. नाव माणसाला नसतं द्यायचं, त्याच्या त्रासाला द्यायचं."

मग रेडिओ हातातल्या बटणाकडे पाहत म्हणाली, "दाराला कडी लावलेली असते, तरी कोणी पुन्हा पुन्हा जाऊन बघत असेल, झोपच येत नसेल, तर ते?"

"कोण बघतं?" चष्मिसने विचारले.

"आहे एक. आमच्या शेजारच्या काकू."

"तो मंत्रचळ असू शकतो," बाई हळूच म्हणाल्या. "भेटल्याशिवाय सांगता नाही येत. काकूंना म्हणावं, यावर चांगले उपचार आहेत. एकटीने सोसू नका, घरातल्या कोणाला तरी घेऊन या."

रेडिओने मान हलवली. त्यानंतर दाराबाहेर जाईपर्यंत ती बंदच होती. तुफानने तिच्याकडे पाहिले. काही सांगायला म्हणून ती जरा पुढे झाली आणि मग बटणेच गोळा करू लागली. मला दिसले, दोघींच्या मध्ये ती खोटी कावीळ भिंतीसारखी उभी होती.

मित्रांनो, त्यानंतरच्या आठवड्यात माझीच पाळी आली. दवाखान्यात संगणक येणार होता. बाईंनी माझे कागद एकेक करून काढले, खालची बटणेही काढली. माझ्या फळीवरून हात फिरवताना त्या जरा थांबल्या, पण जागा एवढीशी, आणि इतके कप्पे ओढणे आता वयाने त्यांना झेपत नव्हते. भंगारवाल्याला निरोप गेला. संगणकासाठी प्लग बसवायला तुफानचे बाबाच आले होते. त्याच दिवशी तुफानची बाईंकडची शेवटची भेट होती, म्हणून तीही आईबरोबर आली होती.

मला एकच सांगायचे आहे. वस्तू जुनी झाली की तिच्याकडे पाठ फिरवू नका, आणि माणूस गप्प झाला की त्याच्याकडे तर मुळीच नाही. चिठ्ठी लावावी लागली तर खळीने लावा.

तुफानने माझा रिकामा खालचा कप्पा ओढला. तो कुरकुरला नाही.

"याला आपण नेऊ या," ती म्हणाली. "माझ्या खोलीत, खिडकीखाली."

"एवढं धूड?" आई म्हणाली. "आणि येणारा-जाणारा विचारेल, कुठून आणलं."

"जुन्या बाजारातून आणलं म्हणून सांगू," बाबा शिडीवरून म्हणाले. "पुढचं कोणी विचारत नाही."

तुफानने कप्पा लावला. तिची छाती धडधडत असावी, कारण तिने बाईंनी शिकवलेला तो लांब श्वास घेतला. मग वर पाहिले.

"आई, बाबा, मी विचारत नाहीये, सांगतेय. कप्पेराव घरी येणार. आणि कोणी विचारलं की कुठून आणला, तर मी खरं सांगणार. कावीळ नव्हती हेही सांगणार. सगळ्यात आधी रेडिओला, उद्याच."