हात वर गेल्यावर

हिरामण मुकादम झाला आणि त्याची झोपच उडाली. बढती मिळाली की लोक पेढे वाटतात. हा पठ्ठ्या घरी येऊन तांब्याभर पाणी प्याला आणि ओट्यावर बसून राहिला.

घाटात ठाकुरवाडीच्या खालच्या वळणावरचे रेल्वेचे रूळ सांभाळणारी हिरामणची गँग. ती चालायची हाळीवर. जड रूळ सगळ्यांनी चिमट्यांनी धरायचा, मुकादमाने हाळी द्यायची आणि तिच्या शेवटच्या शब्दाला एकदम उचलायचा. कोंडाजी मुकादमांनी हाळी दिली की दरीतली माकडंसुद्धा चूप बसायची. ते रिटायर झाले आणि जाता जाता नाव सुचवून गेले कोणाचं, तर हिरामणचं! माणूस कामाला चोख, पण तोंडाला कुलूप. चारचौघांत नाव विचारलं तरी कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या.

पहिल्याच दिवशी नको ते झालं. हिरामणने तोंड उघडलं आणि हाळी अर्धवटच बाहेर आली. अर्ध्यांना ऐकू आली, अर्ध्यांना नाही. इकडच्यांनी रूळ उचलला, तिकडच्यांचे हात अजून सैल. रूळ निसटला आणि धाकलूच्या पायाच्या अंगठ्याला चाटून खडीवर आदळला. धाकलू गँगमधला सगळ्यात वयस्क. थोडक्यात पाऊल वाचलं त्याचं.

"मुकादम, घसा घरी इसरलात का?" गजा म्हणाला. गजाचा आवाज दणदणीत आणि डोळा मुकादमकीवर, हे सगळ्या गँगला ठाऊक होतं.

सोमवारी वळणावरचा आख्खा रूळ बदलायचा होता. नवे साहेब स्वतः बघायला येणार होते. तेव्हाही फजिती झाली तर मुकादमकी गेलीच म्हणायची. पण हिरामणला त्याची भीती नव्हती. भाताचा घास घेतला तरी त्याला रुळाखालचं धाकलूचं पाऊल दिसायचं आणि घास तोंडात फिरायचा.

"अवं, जेवा की," विमलबाई, त्याची बायको, म्हणाली.

"मला वरडता येत नाय गं. कुनाचा तरी पाय जाईल माझ्यापायी."

"मंग वरडाय दुसरा बघा. गावात वरडनाऱ्यांची कमी हाय का?"

सोमवारी त्याने गजाला बाजूला घेतलं. "हाळी तू द्यायची." गजाचा चेहरा खुलला. "पन माजा हात वर गेल्यावर. त्याच्या आदी नाय."

बाकीच्यांनी एकमेकांना कोपरखळ्या मारल्या. मुकादमाने पहिल्याच आठवड्यात हात टेकले, दुसरं काय!

साहेब लांब झाडाच्या सावलीत घड्याळ बघत उभे होते. खाली कर्जतला मालगाडी अडवून धरली होती. चैत्राच्या उन्हात रूळ तापलेला. हिरामण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला आणि प्रत्येकाजवळ थांबून हळूच विचारत राहिला, "पाय नीट बसला?" जो तो म्हणाला, "बसला." धाकलूने नुसती मान हलवली.

चिमटे लागले. सगळे वाकले. हिरामणचा हात काही वर जाईना.

"हात करा की!" गजा दातांतल्या दातांत म्हणाला. झाडाखाली साहेब येरझारा घालू लागले. हिरामणच्या पाठीवर घामाचे ओघळ आले. वाकलेली माणसं आता शिव्या घालणार, हे त्याला दिसत होतं. पण धाकलूची ती हललेली मान त्याला सोडेना. मनातून 'नाही' म्हणायचं असलं की जन्मभर तो स्वतः अशीच मान हलवत आला होता.

त्याने सगळ्यांना उभं राहायला सांगितलं आणि धाकलूजवळ गेला. "दादा, खरं सांगा."

"पाय टेकवत नाय रं," धाकलू पुटपुटला. "अंगठा सुजलाय. सायबाम्होरं कसं सांगू?"

हिरामणने त्याच्या हातातला चिमटा काढून घेतला. "हितं मी धरतो. तुमी म्होरं उभं ऱ्हावा. समद्यांचं पाय बघा, नि मंगच हात वर करा."

धाकलूने एकेकाचं पाऊल बघून घेतलं, सावकाश. मग त्याचा हात वर गेला. गजाची हाळी दरीभर घुमली, रूळ सगळ्यांच्या हातांत एकदम उठला आणि अलगद जागेवर बसला.

साहेब लगबगीने आले ते थेट गजाकडे. "शाबास! नवा मुकादम तूच ना?"

तोंडाशी आलेला घास. नुसतं 'हो' म्हणायचं बाकी होतं. गजाने धाकलूच्या सुजलेल्या अंगठ्याकडे पाहिलं.

"नाय सायेब," तो इतक्या हळू बोलला की साहेबांना वाकून ऐकावं लागलं. "मी निस्ता वरडतो. मुकादम त्यो तिकडं हाय."

साहेब वळले. हिरामणने तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. कानाच्या पाळ्या लालभडक झाल्या. या वेळी कोणी हसलं नाही, कोणी कोपरखळी मारली नाही. तो धाकलूसाठी थांबला होता, तशी सगळी गँग त्याच्यासाठी थांबून राहिली.

"समद्यांचं पाय धड हायत, सायेब," शेवटी हिरामण म्हणाला.