क्लच कुणी जाळला

मी एक गाडी आहे. चार दारांची, राखाडी रंगाची, हातानं गिअर टाकावे लागतात अशी. गाडीनं तक्रार करायची नसते म्हणतात. जरा आवाज केला की तिला गॅरेजला नेतात. पण माझ्या घरातल्या एका बाईवर खोटा आळ आला, चार लोकांत तिचं हसं झालं, आणि सगळा प्रकार माझ्याच पोटात घडलेला. तेव्हा आज बोलतेच.

जन्माचं फार सांगण्यासारखं नाही. लांबलचक छपराखाली सरकत्या पट्ट्यावर एकेक भाग चढत गेला आणि मी उभी राहिले. शेवटी एक माणूस आत बसला. त्यानं क्लच दाबला, पहिला गिअर टाकला, डावा पाय हळूहळू वर घेतला आणि मी चालू लागले. पन्नासेक पावलं गेल्यावर त्यानं कागदावर खूण केली आणि तो उतरून गेला. वाढदिवस म्हणायचा तर तोच.

या डाव्या पायाचं थोडं समजून घ्या, कारण पुढचा सगळा वाद त्याचाच आहे. माझं इंजिन फिरत असतं, चाकं उभी असतात, आणि या दोघांची गाठ घालून देते ती क्लचची प्लेट. पेडल दाबलं की त्यांचे हात सुटतात, सोडलं की धरले जातात. सुटण्या-धरण्याच्या मधे एक नाजूक जागा असते, तिथे प्लेट घासते. तिथे क्षणभर थांबायचं. मुक्काम करायचा नाही.

माझी पहिली मालकीण जनावरांची डॉक्टर होती. माझ्या मागच्या सीटवर कुत्र्यांचे केस आणि डिकीत औषधांचा वास. रस्ते खराब, बाईंना घाई, पण त्यांचा डावा पाय शहाणा. गिअर बदलला की तो बाजूला जाऊन गुमान बसायचा. सहा वर्षांत माझ्या क्लचला त्यांनी काडीचा त्रास दिला नाही. पुढे त्यांना उंच गाडी हवी झाली आणि मला नवं घर मिळालं.

या घरात तीन माणसं. साहेब, त्यांची बायको आणि साहेबांचे वडील.

साहेब विमा कंपनीचे सर्व्हेअर. कुणाची गाडी ठोकली की हे जाऊन बघायचे, पत्र्यावरून बोट फिरवायचे आणि चूक कुणाची ते सांगायचे. प्रत्येक गॅरेजमध्ये त्यांना खुर्ची मिळायची, चहा मिळायचा. गाड्यांमधलं आपल्याला सगळं कळतं अशी त्यांची पक्की समजूत. आणि हेच साहेब मला चार वर्षं कसे चालवत होते? डावा पाय क्लचवर ठेवून. रस्ता पार मोकळा असो, मी चौथ्या गिअरमध्ये पळत असो, त्यांचा पाय पेडलवर असा विसावलेला, जणू ते पायपुसणं आहे. पेडल पाव इंच दबलेलं. आत प्लेट घासतेय, बेअरिंग विनाकारण फिरतंय, आणि वर साहेब फोनवर कुणाला तरी सांगताहेत, "लोकांना गाडी वापरायची अक्कल नाही हो." आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण माझ्या ड्रायव्हरच्या सीटवर बसून ऑफिसला जात होती.

मग दिवस बदलले. ठोकलेल्या गाड्यांचे फोटो मोबाईलवर यायला लागले, साहेब घरी बसून निकाल द्यायला लागले आणि मी खिडकीखाली नुसती उभी राहू लागले.

साहेबांची बायको एका मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन. एकोणीस वर्षांची नोकरी. सकाळी सातची ड्युटी, हॉस्पिटल शहराच्या दुसऱ्या टोकाला. ती हॉस्पिटलच्या बसनं जायची. एक दिवस ती बस बंद झाली. दोन बस बदलून पोचायचं तर पावणेआठ वाजायचे. तिसऱ्या वेळी वरिष्ठांनी बोलावून घेतलं.

त्या संध्याकाळचं बोलणं मी खिडकीखालून ऐकलं.

"सोड की मग," साहेब म्हणाले. "नाहीतरी अजून किती वर्षं करणार आहेस?"

"तेरा," बाई म्हणाली. "आणि गाडी खालीच उभी आहे."

"ती गिअरची आहे. तुला नाही झेपणार. या वयात कोण शिकतं?"

"शेहेचाळीस काय वय आहे? रक्त तपासायचं यंत्र दरवर्षी बदलतं, ते शिकतेच ना मी?"

साहेबांना नाही म्हणता आलं नाही. तिनं शिकाऊ लायसन्स काढलं आणि तीन रविवार साहेबांनी तिला शिकवलं. शिकवलं कसलं, ओरडले. ती क्लच सोडायच्या आधीच "सोड, सोड," आणि सोडला की "अगं हळू." दोन हुकूम एकाच पायाला. मी धक्का खाऊन बंद पडायची. बंद पडायला मला काय हौस आहे? पण गाडी बंद पडली की तीच बाई वाईट ठरते, बाजूला बसून तिचं डोकं फिरवणारा कधीच नाही.

तिसऱ्या रविवारी त्यांनी तिला थेट नदीवरच्या पुलाच्या चढावर नेलं. पुढे टेम्पो थांबला, आम्ही थांबलो, मागे रांग लागली. तिनं निघायचा प्रयत्न केला, मी मागे घसरले, ती घाबरली, मी बंद पडले. एकदा, दोनदा, चारदा. मागून हॉर्न. साहेबांनी हँडब्रेक खसकन ओढला.

"उतर. तुझ्या पायाला अक्कल नाही."

"पायाला कुणाच्याच नसते," ती म्हणाली. पण उतरली. भर पुलावर, सगळ्यांच्या नजरा झेलत ती दार उघडून मागच्या सीटवर जाऊन बसली. आणि साहेब? डावा पाय क्लचवर ठेवून मजेत गाडी चालवत होते.

त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, आपल्याला हात असते तर.

चौथ्या रविवारी साहेब कामाला बाहेरगावी गेले. बाई किल्ली घेऊन खाली आली आणि तिच्या मागोमाग म्हातारे बाबा. साहेबांचे वडील. आयुष्यभर कारखान्यात लेथवर काम केलेलं, त्या गोंगाटानं कान गेलेले. पूर्वी कारखान्याची व्हॅन चालवायचे. कमी ऐकू यायला लागल्यावर स्वतःच चालवणं सोडलं. लायसन्स मात्र अजून पाकिटात.

"चल," ते मोठ्यानं म्हणाले. "मागच्या गल्लीतून हळूहळू घे. कारखाना बंदच आहे, वॉचमन आपला माणूस आहे."

बाबा मोठ्यानं बोलतात, पण ओरडत नाहीत. या दोन्हींत फरक आहे, आणि तो या घरात एकट्या त्यांनाच कळलेला.

बंद कारखान्याच्या आवारात माल चढवायचा एक सिमेंटचा उतार होता. बाबांनी तिला त्याच्या मध्यावर थांबायला लावलं, हँडब्रेक लावायला सांगितला आणि स्वतःचा उजवा तळवा माझ्या डॅशबोर्डवर पालथा ठेवला.

"मला इंजिन ऐकू येत नाही," ते म्हणाले. "तूही ऐकू नकोस. थोडा अॅक्सिलरेटर दे. आता क्लच सोड. एवढासा. अजून. थांब."

माझं नाक किंचित वर उचललं गेलं. सगळं अंग बारीक थरथरलं.

"हे बघ, धरलं तिनं. हात ठेव इथे."

बाईनं एक हात स्टिअरिंगवरून काढून डॅशबोर्डवर ठेवला. तिला ते कळलं. मला कसं समजलं विचाराल तर तिचा पाय तिथेच स्थिर झाला, पहिल्यांदाच.

"आता हँडब्रेक सोड. पाय हलवू नकोस."

मी बंद पडले नाही, घसरले नाही. आम्ही उतार चढून वर गेलो. बाबांनी काही शाबासकी दिली नाही. "परत," एवढंच म्हणाले. त्या सकाळी आम्ही तो उतार एकतीस वेळा चढलो. मधे सात वेळा मी बंद पडले आणि सातही वेळा बाबा खिडकीबाहेर बघत बसले, जणू झालंच नाही काही. आणखी एक गोष्ट त्यांनी तिला सांगितली. "काम झालं की पाय काढून खाली ठेवायचा. लेथवर हात विसावणाऱ्यांची बोटं जातात. इथे प्लेट जाते."

सहा आठवड्यांनी तिनं परीक्षा दिली आणि पास झाली. साहेब म्हणाले, "आजकाल कुणालाही पास करतात."

मग सुरू झाले माझ्या आयुष्यातले चांगले दिवस. रोज सकाळी सव्वासहाला ती यायची, आरसा नीट करायची आणि आम्ही निघायचो. पहिले काही दिवस ती हॉस्पिटलपर्यंत ओठ चावत जायची. हळूहळू रेडिओ लागला. मग एक दिवस ती गुणगुणायला लागली, आणि पुलाचा चढ कधी मागे पडला ते आम्हा दोघींच्याही लक्षात आलं नाही. सात वाजता तिचा पांढरा कोट अंगावर आणि हातात नळ्या.

सातच आठवडे झाले होते. एका सकाळी पुलावर तिनं अॅक्सिलरेटर दिला, माझं इंजिन किंचाळलं, पण चाकांना जोर मिळेना. क्लच घसरायला लागला होता. कशीबशी मी तिला पोचवलं, कशीबशी परत आणलं.

साहेबांनी मला घेऊन गल्लीत एक फेरी मारली आणि उतरता उतरताच निकाल दिला.

"जाळलास शेवटी क्लच. दोन महिन्यांत. मी चार वर्षं चालवली, काही झालं नव्हतं."

मी तिथेच उभी, आणि मला वाचा नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. साहेबांनी बहिणीला फोन करून सांगितलं, समोरच्या घरातल्या प्राध्यापकांना सांगितलं, दुधवाल्यालाही सांगितलं. "बायकांना गिअरची देऊच नये. विकून टाकतो आता." बाईनं आठवडाभराची रजा टाकली. सगळ्यात वाईट काय झालं सांगू? तिलाही ते पटायला लागलं. एका दुपारी ती माझ्यात येऊन बसली, इंजिन सुरू न करता क्लचवर पाय ठेवला, काढला, ठेवला, काढला. "कुठे चुकलं माझं," असं हळूच म्हणाली. रागानं माझी बॅटरी उतरायची वेळ आली.

विकायच्या आधी दुरुस्ती हवी, म्हणून मला गॅरेजला नेलं. तिघंही आले. मिस्त्री नवा होता, साहेबांना ओळखत नव्हता, म्हणून खुर्ची नाही की चहा नाही. त्यानं मला वर उचललं, गिअरबॉक्स उतरवला आणि प्लेट हातात घेऊन उजेडात धरली.

"दोन महिन्यांत जाळलाय," साहेबांनी आधीच सांगून टाकलं. "हिनं. नवीन शिकलीय."

मिस्त्रीनं प्लेट उलटसुलट केली. "जाळलेली नाही ही. जळली असती तर इथे काळीनिळी पडली असती, वास आला असता. ही घासून घासून संपलीय, सारखी. बेअरिंगपण खराब झालंय. हे दोन महिन्यांचं काम नाही, वर्षांचं आहे. क्लचवर पाय ठेवून चालवायची सवय कुणाला आहे?"

साहेब वर टांगलेल्या माझ्या चाकांकडे बघायला लागले.

"म्हणजे आधी कोण चालवायचं?" त्यानं विचारलं.

"चार वर्षं हेच," बाई म्हणाली.

साहेबांनी प्लेट हातात घेतली. त्यांचा धंदाच तो. खुणा वाचून चूक कुणाची ते सांगायचं. त्यांनी कडेवरून बोट फिरवलं, आणि बोट मधेच थांबलं. "गावात ट्रॅफिक किती असतो," ते म्हणाले.

बाबांना काहीच ऐकू आलं नव्हतं. "काय म्हणाला तो?" त्यांनी मोठ्यानं विचारलं.

बाईला त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्यानंच सांगावं लागलं. "जळलेला नाही म्हणतात, बाबा. झिजलाय. चार वर्षांत."

शेजारच्या गाडीखालून दोन माणसं डोकं बाहेर काढून बघायला लागली.

"मग याचा पाय," बाबा म्हणाले आणि बाकावर जाऊन बसले.

नवी प्लेट बसली. मला विकायचा विषय निघाला नाही. साहेबांनी माफी मागितली का? नाही. बहिणीला फोनवर सांगितलं, "क्लच झिजला होता." झिजला, म्हणे. आपोआप. प्राध्यापकांना तर तेवढंही सांगितलं नाही, दुधवाल्याला तर नाहीच. आळ गल्लीभर वाटला, आणि तो परत घ्यायची वेळ आली तेव्हा तोंडात मूग. मला अजून त्याचा राग आहे आणि तो मी सोडणार नाही. बाईनं सोडलाय, ती माणूस आहे, तिला घरात राहायचं असतं.

आता रोजचे चाळीस किलोमीटर आम्ही दोघी जातो. माझ्या दारावर दोन ओरखडे आहेत, सीटचं कापड विरलंय, पण आत सगळं ठणठणीत आहे. गेल्या मंगळवारी साहेबांना डोळे तपासायला त्याच हॉस्पिटलमध्ये यायचं होतं, म्हणून पुलावरच्या त्या रविवारनंतर ते पहिल्यांदाच बाजूच्या सीटवर बसले. मोठ्या चौकापाशी ते म्हणाले, "तिसऱ्यात टाक."

"गाडी सांगेल मला," ती समोर बघत म्हणाली.

ते खिडकीबाहेर बघायला लागले. पुढचा रस्ता मोकळा झाला, माझा आवाज भरत गेला, आणि तिनं नेमक्या क्षणी तिसरा टाकला. पाय खाली ठेवला.

माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात कुणी गाडी शिकत असेल, वय कितीही असो, तर त्याच्या बाजूला बसा. पट्टा बांधा. आणि तोंड मिटा.